सुंदराच्या घड्याळात

शिकागो, शनिवार, १५ मार्च २०२५

सौ. सुंदराबाई यांस,

आठ वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते की मी पूर्ण शुद्धीवर नाही. काल गीतूकडे पोचले. इथे पहाटेचे साडेतीन वाजलेत. गीतू, जावईबापू आणि नात खुशी, तिघंही गाढ झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात टक्क जागी बसून आहे. पोट म्हणतं जेवायची वेळ झाली, डोळे म्हणतात उजाडलं कसं नाही, आणि डोक्यात कोणी कापूस पिंजतंय असं वाटतं. याला इथे जेट लॅग म्हणतात. शरीर विमानातून उतरतं, झोप मागेच राहते.

हातातलं घड्याळ मी बदललेलं नाही. ते अजून अमरावतीचीच वेळ दाखवतं, दुपारचे दोन. म्हणजे तू आत्ता झोपलेली असशील. दुपारी झोपायची तुझी सवय सुटली नसेलच.

गीतूचे बाबा आले नाहीत. "इतके तास एका जागी बसून राहाले मी का गनपती आहो?" म्हणाले आणि घरीच राहिले. मी एकटी आले. चौसष्टाव्या वर्षी, दोन विमानं बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून. विमानात तीनदा नाश्ता दिला. मधे जेवण द्यावं लागतं हे त्या पोरींना कोणी सांगितलेलं दिसत नाही. खिडकीचं झाकण वर केलं की ऊन, खाली केलं की रात्र. शेवटी मी आपली माझी उशी मानेखाली घेऊन डोळे मिटून पडले.

हो, उशी नेली होती. हसू नकोस. बाळापूरला तुमच्या मळ्यावर यायची तेव्हाही मी माझी उशी पिशवीत घालून आणायची, हे तू विसरली नसशील. तुमच्या उशांना तेलाचा वास येतो, असं मी म्हटलं होतं. त्यावर तू सगळ्या उशांचे अभ्रे धुऊन वाळत घातले होतेस आणि मी तरीही माझीच उशी घेतली होती.

गीतूने माझ्यासाठी नियम लिहून फ्रिजवर चिकटवलेत. सकाळचं पहिलं ऊन तोंडावर घ्यायचं, चष्मा काढून. रात्री अर्धं पोट जेवायचं. घड्याळाकडे पाहायचं नाही, पाहिलं की झोप पळते. आणि दिवसा फारच डोळे मिटायला लागले तर घोंगडी टाकून जमिनीवर अर्धा तास पडायचं, पण उशी घ्यायची नाही. "उशी घेतली की दिवस गेला" असं खाली दोन रेघा मारून लिहिलंय. मी विचारलं, हे कुठल्या डॉक्टरचं? म्हणाली, आहेत एक बाई.

झोप येत नसली की माणसाला नको ते आठवतं. मला गीतूचा साखरपुडा आठवला. तेव्हा मी दोन शब्द जास्त बोलले असेन, पण तूही ते फार मनाला लावून घेतलंस. मोठ्या जावेचं माणूस ऐकून घेतं. तुला माझा फोन घ्यायचा नसतो, म्हणून हे पत्र. पोस्टात टाकीन की नाही ठाऊक नाही.

शकुन


शिकागो, सोमवार, १७ मार्च २०२५

सुंदराबाई,

कालचं पत्र पिशवीतच आहे. नाही, परवाचं. इथे मला वारही कळेनासे झालेत.

काल खुशीचा चौथा वाढदिवस झाला. जावईबापूंचे ऑफिसातले मित्र, त्यांच्या बायका, पुण्याहून आलेली त्यांची मावशी, असे वीस-बावीस जण. मी सकाळपासून पुरणाचं बघत होते, हिरवी पैठणी नेसले होते, आणि ठरवलं होतं की अमरावतीच्या शकुनबाई काय चीज आहेत ते ह्या लोकांना आज कळलं पाहिजे. संध्याकाळी सहाला केक आणला. तुझ्या-माझ्या घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते.

मी सोफ्यावर टेकले. नुसती टेकले. पुढचं मला आठवत नाही.

आठवतं ते एवढंच, की कुठून तरी लांबून आवाज येत होते. मला उठायचं होतं पण पापणी उचलेना, तोंड उघडं पडलंय हेही कळत होतं पण मिटता येईना. आणि तेवढ्यात एक बाई गीतूला विचारत होती, "ह्या कोण गं?"

सुंदराबाई, त्या एका क्षणात मला घाम फुटला. झोपेत. मी मनात म्हटलं, आता पोरगी काय सांगते! कारण तो प्रश्न मी आधी ऐकलेला होता, अगदी त्याच शब्दांत, आणि त्याचं उत्तर मी दिलेलं होतं.

गीतू म्हणाली, "माझी आई. फार लांबून आलीय. झोपू दे तिला." मग अंगावर शाल पडली आणि तिने माझी मान हलकेच सरळ केली.

मला वाटत होतं, झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही. आठ वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. तू तेव्हा झोपलेली होतीस, तुला काही ऐकू गेलं नसणार, तू उगाच कोणाचं तरी ऐकून रुसलीस. आता मला माहीत झालं की ऐकू येतं. सगळं येतं.

तुला झोपाळू म्हटलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. आज एवढंच लिहवतं.

शकुन


शिकागो, मंगळवार, २५ मार्च २०२५

सुंदरा,

चोर सापडला!

गेले आठ दिवस बघतेय. दुपारचे चार वाजले की गीतू कानाला फोन लावून गच्चीत जाते आणि दार ओढून घेते. हसते, गप्पा मारते, अर्ध्या तासाने आत येते तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसतो. मी म्हटलं असेल कोणी मैत्रीण. आईने लेकीचं ऐकू नये हे मला कळतं. पण काल दार नीट लागलं नव्हतं, आणि मी तिथून जात होते म्हणजे जातच होते.

माझी लेक म्हणत होती, "काय करून राहिली वं काकू? चाल्ली का तोडनी? अन काकाचा खोकला कसा हाय?"

मी तिथेच उभी राहिले. ही गीतांजली, जिला मी लहानपणी "मले नाही, मला म्हण," "मी जातो नाही, मी जाते म्हण," असं म्हणून म्हणून वऱ्हाडीचा शब्दन् शब्द विसरायला लावला होता. शाळेत दुसऱ्यांची पोरं शिकवली, ती घरची कशी सोडीन? जावईबापूंशी पुण्याचं बोलते, माझ्याशी पुस्तकातलं बोलते. आणि गच्चीत उभी राहून घरच्यासारखं कोणाशी बोलते तर तुझ्याशी.

मी घड्याळ पाहिलं. माझ्या हातातल्या, न बदललेल्या घड्याळात अडीच वाजले होते. रात्रीचे अडीच.

मग रात्री जेवणं झाल्यावर मी गीतूला समोर बसवलं. मी फार कडक चेहरा केला होता. ती घाबरली नाही. सगळं सांगितलं.

तिने सांगितलं की २०१७ला इथे आली तेव्हा तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. जावई सकाळी सातला जायचे, संध्याकाळी सातला यायचे. हिवाळा आला, बर्फ पडलं, चार वाजता अंधार व्हायला लागला. दिवसातली तीच वेळ तिला खायला उठायची. आणि नेमकं तेव्हाच तिकडे सगळे झोपलेले. तिचे बाबा झोपलेले, मी झोपलेली, अमरावती झोपलेली. संबंध वऱ्हाडात तिच्या ओळखीचं एकच माणूस त्या वेळी जागं असायचं. डोक्याला बॅटरी बांधून, मोगऱ्याच्या किंवा शेवंतीच्या ओळीत उभं.

मी विचारलं, "मला का नाही उठवलंस?"

म्हणाली, "तुला उठवावं लागलं असतं, आई. काकू जागीच होती."



तिने सांगितलं, तू फोन ओढणीने कानाशी बांधून घ्यायचीस, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहायचे. ती रडायची आणि तुझी बोटं चालू असायची, तिला कळ्या तुटल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. एकदा ती म्हणाली, काकू, इथे चारलाच सूर्य बुडाला गं. तर तू म्हणालीस, "तुह्याकडं बुडला ना? मंग माह्याकडंच येऊन राहिला. तीन तासात पोचते. आला का सांगतो तुले." आणि खरंच उजाडल्यावर अकोल्याच्या फूलबाजारातून फोन करून सांगितलंस, "आला वं बाई, पोचला." मी इतकी वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीगोल फिरवून, मागे मेणबत्ती धरून. असा भूगोल मला एका पोरालाही शिकवता आला नाही.

आणि मग तिने ते सांगितलं, जे मला ठाऊकच नव्हतं. त्या डिसेंबरात तिने बॅग भरली होती. परतीचं तिकीट काढलं होतं. जावयाशी भांडण नव्हतं काही, नुसतं जीव रमत नव्हता. पंधरा दिवस धड झोप नव्हती, रात्रभर भिंतीकडे बघत बसायची. तुला सांगितलं की येते मी परत, कायमची. तू ये म्हणालीस. नको म्हणाली नाहीस, समजावलं नाहीस. फक्त म्हणालीस, "ये ना. घर तुहंच हाय. पन चार दिवस झोपून घे, मंग ये. उजागऱ्याच्या मानसानं फैसला करू नाही." आणि तिला झोपायचं कसं ते शिकवलंस. पहिलं ऊन, अर्धं पोट, घड्याळ उलटं ठेवायचं, दिवसा बिनउशीचं पडायचं. चौथ्या दिवशी तिला आठ तास झोप लागली. उठली, आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

तेव्हा फ्रिजवरची ती डॉक्टरीणबाई कोण, हे मला कळलं. मी दहा दिवस तुझ्याच नियमांनी झोपत होते. मोठ्या विमानांनी बिघडवलेली झोप बाळापूरच्या सुंदराने ताळ्यावर आणली, आणि मी इथे सगळ्यांना "किती शास्त्रीय आहे बघा" म्हणून सांगत होते.

मी गीतूच्या बाबांना फोन करून विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? म्हणाले, होतं ना. मग मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू त्याच्यातबी व्याकरन काढलं असतं."

हा माणूस बत्तीस वर्षं बँकेत होता, पण हिशेब त्याला घरातलाच चांगला कळतो.

तुझ्या ह्या शिक्षणाचं मला आज फार कौतुक वाटतंय. तू लग्न होऊन आलीस तेव्हा वीस वर्षांची होतीस. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच तुला अडीचला उठवलं. कळी उमलली की भाव गेला, म्हणून उमलायच्या आत तोडायची. तोडून, टोपल्या भरून, देवराव भाऊजींबरोबर अकोला. तिथून येऊन सगळ्यांचा चहा, सैपाक, निंदण, आणि मग दुपारी बारा-साडेबाराला दोन तास डोळा. एवढीच तुझी रात्र. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत यायचो. मी सातला उठायची, तू आणून दिलेला चहा प्यायची, आणि बाराला तू आडवी झालीस की सासूबाईंना म्हणायची, "दिवसा झोपणारीच्या घरात लक्ष्मी टिकत नाही." लक्ष्मी तू रोज टोपलीत घालून आणत होतीस, हे सासूबाईंना कळत होतं.

मी एक विमान प्रवास केला तर दहा दिवस जमिनीवर आले नाही. तू तेहतीस वर्षं रोज तेवढा प्रवास करते आहेस. उठतेस एका देशात, जेवायला बसतेस दुसऱ्या देशात. आणि दोन्हीकडे हसतमुख.

शकुन


शिकागो, मंगळवार, २२ एप्रिल २०२५

सुंदरा,

आधीची तीन पत्रं आज सलग वाचली. वह्या तपासताना मी लाल शाईने जसा शेरा मारायची तसा मारावासा वाटला: "उत्तर अपूर्ण. मुख्य मुद्दा टाळला आहे."

पहिल्यात लिहिलंय दोन शब्द जास्त बोलले. दुसऱ्यात लिहिलंय झोपाळू म्हटलं. दोन्ही खोटं. मी तुला त्या दिवशी झोपाळू म्हटलंच नव्हतं. काय म्हटलं होतं ते आज लिहिते.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू मोगऱ्याच्या कळ्या, शेवंती, गुलाब, सगळं ओल्या फडक्यात बांधून बाळापूरहून बसने आणलंस. उभ्याने आलीस, कारण बसायच्या जागेवर टोपल्या ठेवल्या होत्यास. आल्यापासून ओवायला बसलीस. वेण्या, हार, दाराचं तोरण, गीतूचा फुलांचा शेला. रात्रीचं तुझं उठायचं घड्याळ वाजलं तेव्हाही तू ओवतच होतीस, म्हणजे ती झोप तुला मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याची मंडळी आली. फुलं पाहून त्यांची तोंडं उघडी राहिली. मी मिरवत होते. आणि तू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलीस. तोंड उघडं, पदर सरकलेला, बोटांना हिरवे डाग, मांडीवर दोऱ्याचं रीळ.

जावईबापूंच्या मावशींनी विचारलं, "ह्या कोण?"

आणि मी म्हटलं, "त्या होय? फुलंवाली आहे."

माझी धाकटी जाऊ आहे असं मला म्हणता आलं नाही. पुण्याच्या लोकांपुढे मला लाज वाटली. तुझ्या उघड्या तोंडाची, हिरव्या बोटांची. ज्या बोटांनी ते सगळं घर सजवलं होतं त्यांची लाज.

दहा मिनिटांनी पाहिलं तर तू नव्हतीस. टोपल्याही नव्हत्या. शेवटच्या बसने गेलीस. लग्नाला आली नाहीस. पण लग्नाची फुलं आली, देवराव भाऊजींच्या हाती, एक वेणी कमी नाही की एक हार नाही. आणि मी तेव्हा काय म्हटलं माहीत आहे? "बरं झालं, फुलांचं तरी काम झालं."

परवा मावशी पुन्हा इथे आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, साखरपुड्याला तुम्ही एका बाईंबद्दल विचारलं होतं, त्या माझ्या धाकट्या जाऊबाई आहेत. त्यांना तो प्रसंगही आठवत नव्हता. म्हणाल्या, "हो का? फुलं मात्र सुरेख होती हो." जिच्यासाठी मी तुला नाकारलं तिला माझं नाकारणं लक्षातही नव्हतं. एवढ्या स्वस्तात मी तुला घालवलं.

मोठ्या जावेने धाकटीला पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. मला तो हक्क उरलेला नाही. म्हणून ह्या पत्रात तुला नमस्कार करते. नीट, दोन्ही हात जोडून करते. गीतू समोर बसली आहे, ती साक्षीला आहे.

शकुन


अमरावती, रविवार, ४ मे २०२५

सुंदरा,

काल घरी पोचले. चव्वेचाळीस डिग्री आहे. पंखा गरम हवा हलवतोय, आणि पहाटेचे तीन वाजलेत. मी टक्क जागी.

आता घड्याळ बरोबर आहे आणि मी चुकीची आहे. काल संध्याकाळी सातला आडवी झाले, रात्री दोनला डोळे उघडले ते उघडलेच. गीतूचे बाबा अर्धवट झोपेत म्हणाले, "झोप ना आता, फ्रिजवर नियम लावू का?" मी म्हटलं, नको.

नको, कारण मला एक गोष्ट सुचली आहे.

मी उठून ओट्यापाशी आले, चहा ठेवला, आणि सहज मनात आलं, सुंदराने आत्ता बॅटरी बांधली असेल. एक ओळ तोडूनही झाली असेल. मग लक्षात आलं की तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच ह्या पहाटेच्या वेळी तू आणि मी दोघी जाग्या आहोत. मी तुझी दुपार पाहिली, नावं ठेवायला. तुझी पहाट एकदाही पाहिली नाही. मळ्यावर इतके मे महिने काढले, मोगऱ्याचा गजरा रोज डोक्यात घातला, पण तो झाडावरून कसा उतरतो हे मला माहीत नाही.

हा जेट लॅग, मला माहीत आहे, आठ दिवसांत उतरेल. तुझे नियम पाळले तर पाचच दिवसांत. मग मी पुन्हा सातला उठणारी शकुनबाई होईन, आणि तू अडीचची. तेव्हा मी ठरवलंय की हे नियम ह्या वेळी पाळायचे नाहीत. उन्हात बसणार नाही. पोटभर जेवणार. जितके दिवस टिकेल तितके दिवस हा आजार मला जपायचा आहे, कारण तोवर मी तुझ्या घड्याळात आहे.

मी येऊ का?

आठ दिवस. पाहुणी म्हणून नाही. मला कळ्या तोडता येत नाहीत, पण टोपली धरता येते. चहा करता येतो. ह्या वेळी मी करून देईन आणि तू पिशील. आणि दुपारी तू झोपलीस की दाराशी मी बसेन, कोणी तुला उठवायला आलं तर त्याला सांगेन की ती झोपली आहे, नंतर ये.

मला भीती वाटते आहे हे लिहिताना. तू नाही म्हणशील ही भीती. नाही म्हणालीस तरी चूक तुझी नाही. पण उत्तर दे. आठ वर्षांत तू मला एक शब्दही बोलली नाहीस, वाईटसुद्धा नाही. शिव्या लिहून पाठवल्यास तरी चालतील, मी व्याकरण काढणार नाही.

ही पाचही पत्रं घेऊन गीतूचे बाबा सकाळच्या पहिल्या बसने निघतील. दुपारी पोचतील. तू झोपली असशील तर बाहेर बसून राहा, उठवू नका, असं त्यांना बजावलं आहे.

शकुन


बाळापूर, आज रविवार, दुपार

बाईले सुंदराचा नमस्कार.

भाऊजी बाहेर खाटेवर बसून होते दीड घंटा. उन्हात. मी उठून पायतो त हे मानूस घामानं ओलं. मनलं आवाज काहून नाई देला. मने, बाईचा हुकूम हाय. मंग मले हसू आलं अन रडूबी आलं.

चिठ्ठ्या वाचल्या पाचही. लय बारीक लिवता तुमी, डोळे दुखले. सातवी शिकेल हावो, तुमच्यावानी लिवता येत नाई. म्हून थोडक्यात लिवून राहिली.

बाई, तुमाले वाटते मले फुलंवाली मनल्याचा राग आला. त्याचा राग नाई आला. फुलंवालीच हावो मी, त्याच्यात काय खोटं हाय? मी झोपेत वाट पायत होती का ही आता "आमची" मनते. आमची फुलंवाली हाय, एवढं मनलं असतं त मी तशीच झोपून राहिली असती, तोंड उघडं ठेवून, सकाळलोक. तुमी "आमची" नाई मनलं. त्याच्यासाठी गेली.

लग्नाले फुलं धाडले ते तुमच्यासाठी नोते. गीतू माही पोट्टी हाय.

तुमचा नमस्कार वापस करून राहिली. मोठ्यानं लहान्याले करू नाही, पाप मले लागते. त्याच्या जागी आशीर्वाद आना येतानी.

मोगरा जोरात हाय, लग्नाची दाट तिथ हाय, हात कमी पडून राहिले. भाऊजीसंग आजच याचं होतं. आता उद्याच्या सांजच्या बसनं या. अडीचले उठवीन, मंग कुरकुर नाई चालनार. चहा तुमी करजा, पन साखर मी टाकीन, तुमी कंजूस.

अन बाई, एक सांगतो. उशी आनू नोका.

आमच्या बाईची,
सुंदरा